सुट्टीवर नेलेला चित्रपट अर्ध्यात बंद पाडू नका : स्ट्रीमिंग कंपन्यांना आणि हक्कधारकांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख,
तसेच त्या चित्रपटांचे हक्क बाळगणारे निर्माते आणि वितरक

सप्रेम नमस्कार,

सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्या जाहिराती प्रवासाला निघतात. विमानाच्या खिडकीशी बसून चित्रपट पाहणारं कुणीतरी, गाडीच्या मागच्या सीटवर टॅब्लेटमध्ये बुडालेली मुलं, डोंगरात कुठेतरी पेटलेला तंबूतला दिवा. नेटवर्क नसलं तरी चित्रपट सोबत आहे, असा त्यांचा सूर असतो. तो सूर ऐकून दर महिन्याला पैसे भरणाऱ्यांपैकी मी एक. तुम्ही ही सोय देत नाही अशी माझी तक्रार नाहीच. सोय देता, पण तिच्या पोटात असं एक घड्याळ बसवता, जे फक्त सुट्टीवर गेलेल्या माणसालाच नडतं.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही हे तुम्हाला ठरवता येईल. घरून निघताना कायदेशीर मार्गाने डाउनलोड केलेला चित्रपट घरी परतेपर्यंत चालला पाहिजे. आणि तो कोणत्या दिवशी बंद पडणार आहे, हे डाउनलोडचं बटण दाबण्याआधी दिसलं पाहिजे. यात फुकट काही मागितलेलं नाही.

तुमचं श्रेयही तुम्हाला देतो. ॲमेझॉनने २०१५ साली फोन आणि टॅब्लेटवर चित्रपट उतरवून घेण्याची सोय दिली. नेटफ्लिक्सने बराच काळ नको-नको म्हणून ३० नोव्हेंबर २०१६ ला तीच दिली. त्याआधी प्रवासात चित्रपट न्यायचा तर बहुतेकांना डिस्क आणि ती चालवणारं यंत्र बरोबर घ्यावं लागे. एचडी चित्रपट इंटरनेटवरून थेट पाहायचा तर तासाला सुमारे ३ जीबी डेटा जाऊ शकतो. परमुलखात, रोमिंगवर, तो खर्च कुणी करत नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर चार-पाच चित्रपट उतरवून घेणं हा सगळ्यात सोपा आणि सरळ मार्ग झाला. तो तुम्हीच खुला केलात. आता त्यातले खड्डे बुजवा, एवढंच.

सर्वांत मोठा खड्डा ४८ तासांचा. बऱ्याच सेवांमध्ये डाउनलोड केलेला चित्रपट पाहायला सुरुवात करायला साधारण ३० दिवस मिळतात, पण एकदा 'प्ले' दाबलं की दुसरं घड्याळ सुरू होतं आणि पुढच्या ४८ तासांत चित्रपट संपवावा लागतो. भाड्याने घेतलेल्या चित्रपटालाही ॲपल आणि गूगलच्या दुकानांत बहुतेक ठिकाणी हाच हिशेब आहे. घरी सोफ्यावर बसलेल्याला ४८ तास भरपूर वाटतील. सुट्टीवरचा माणूस मात्र चित्रपट असा पाहत नाही. विमान उतरायला लागलं म्हणून चाळीस मिनिटांवर थांबतो. रात्री मुलं झोपली की थोडा पुढे नेतो, स्वतःलाच झोप लागते. दुसरा दिवस भटकण्यात जातो, तिसऱ्या दिवशी पाऊस लागतो आणि आता निवांत शेवट पाहू म्हणून टॅब्लेट उघडावा, तर पडद्यावर सूचना : मुदत संपली, इंटरनेटला जोडा.

गंमत अशी की घरी ही अट असून नसल्यासारखी असते. मुदत संपली तरी वाय-फाय आहे, पुन्हा एकदा बोट टेकवलं की काम झालं. म्हणजे जिथे अटीची काहीच गरज नाही तिथे ती कुणाला जाणवत नाही, आणि जिथे नूतनीकरण करणं शक्यच नाही, नेमकी तिथेच ती अंमलात येते. ज्याच्यासाठी डाउनलोडची सोय काढली, त्याच्यावरच तिचा वार.

हे तंत्रज्ञानामुळे अपरिहार्य आहे, असं तुमचे ग्राहकसेवेचे लोक फार सहज सांगतात. ते खरं नाही. आपण चित्रपट डाउनलोड करतो तेव्हा दोन गोष्टी येतात : कुलूपबंद फाइल आणि तिचा परवाना. परवान्यात किल्ली असते आणि किल्लीबरोबर अटी. ही कुलपं बनवणाऱ्या यंत्रणा जगभर मोजक्याच आहेत. गूगलची वाइडवाइन, ॲपलची फेअरप्ले आणि मायक्रोसॉफ्टची प्लेरेडी. त्यातल्या वाइडवाइनच्या परवान्यात चित्रपट सुरू करेपर्यंत किती सेकंद आणि सुरू केल्यावर किती सेकंद, असे वेगवेगळे रकाने असतात. त्यात आकडे तुम्ही भरता. दुसऱ्या रकान्यात ४८ तासांऐवजी १५ दिवसांचे सेकंद भरले तर कुलूप तेवढंच मजबूत राहतं, फाइल त्याच उपकरणावर अडकलेली राहते, ती दुसऱ्याला पाठवता येत नाही ती नाहीच. बदलतो तो फक्त आकडा.

आकडा तुम्ही एकटे ठरवत नाही, तो हक्कधारकांशी झालेल्या करारातून येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर पत्राच्या डोक्यावर दोघांचाही पत्ता घातला. कंपनीला विचारावं तर ती निर्मात्याकडे बोट दाखवते, निर्माता म्हणतो आमचा ग्राहकाशी थेट संबंधच नाही. मध्ये उभा राहून दोन्ही बोटं मोजण्याचा आता कंटाळा आला आहे.

भाड्याच्या चित्रपटाबद्दल थोडं वेगळं बोललं पाहिजे. पूर्वी कॅसेट किंवा डिस्क एक-दोन दिवसांसाठीच मिळे, कारण ती एकाच्या घरी असली की दुसऱ्याला मिळत नसे. कमी मुदतीला अर्थ होता. डिजिटल फाइल माझ्या टॅब्लेटमध्ये दहा दिवस पडून राहिली तर कोणत्या गिऱ्हाईकाला रिकाम्या हाताने परतावं लागतं? तरीही भाडं आणि खरेदी यात फरक राहावा म्हणून मुदत हवी, हे मान्य. एकदाच पाहू द्या हवं तर. पण एकदा पाहणं म्हणजे दोन दिवसांत पाहणं, असं समीकरण का?

दुसरी अडचण मुदतीच्या लांबीची नसून ती लपलेली असते ही आहे. डिस्ने प्लस म्हणतं, ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडा. यूट्यूबच्या सशुल्क सेवेत बऱ्याच देशांत हा आकडा २९ दिवसांचा. हे नियम निदान लक्षात राहतात. नेटफ्लिक्सवर मात्र चित्रपटागणिक मुदत वेगळी असू शकते. एखादा सात दिवसांत संपतो, एखादा सुरू केल्यावर ४८ तासांत, काही डाउनलोडचं नूतनीकरण वर्षातून ठरावीक वेळाच करता येतं. आणि उरलेली मुदत यादीत दिसायला लागते ती सात दिवसांपेक्षा कमी उरल्यावर. तोपर्यंत माणूस डोंगरात पोचलेला असतो. दुधाच्या पिशवीवरही तारीख विकत घेण्याआधी वाचता येते.

एखाद्या चित्रपटाचा करारच तुमच्याकडून संपतो, तेव्हा तो डाउनलोडमधूनही जातो. त्याला तुमचा इलाज नाही, हे समजतं. पण करार कधी संपणार हे तुम्हाला आधीपासून माहीत असतं. ती तारीख डाउनलोडच्या वेळी सांगितली तर मी त्याच्याऐवजी दुसरा चित्रपट घेईन. इतकं साधं आहे.

परदेशी सुट्टीला निघालेल्यांची कथा आणखी निराळी. चित्रपटांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे सीमा ओलांडून फोन नेटवर्कला जोडला की ॲपला कळतं, आपण दुसऱ्या देशात आलो, आणि घरून आणलेले काही चित्रपट चालेनासे होऊ शकतात. म्हणजे प्रवासभर फोन फ्लाइट मोडवर ठेवणारा सुखात, आणि घरच्यांना पोचल्याचा निरोप पाठवणारा मात्र अडचणीत. व्हीपीएन लावून देश लपवण्याचा सल्ला इथे अनेक जण देतील. तो तुमच्या अटींत बसत नाही, म्हणून मी तो देत नाही.

या प्रश्नावर उत्तर नाही असंही नाही. युरोपीय संघाने एक नियम केला, तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. संघातल्या एका देशात पैसे भरणारा ग्राहक तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला, तर त्याला घरी मिळतात तेच चित्रपट, तितक्याच उपकरणांवर, त्याच सोयींसह मिळाले पाहिजेत. आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत. त्यानंतर चित्रपटधंदा बुडाला नाही, देशागणिक हक्क विकणंही थांबलं नाही. पाहुणा म्हणून आलेला माणूस आणि त्या देशात राहणारा माणूस यांत फरक करता येतो, हे तिथे सिद्ध झालं. मग जे कायद्याने भाग पाडल्यावर जमलं, ते इतरत्र आपणहून का जमू नये? डाउनलोड ज्या देशात केलं त्या देशाचा शिक्का परवान्यावर मारा आणि मुदत संपेपर्यंत तो पाळा.

उपकरणांबद्दल फार लिहीत नाही. लॅपटॉपचा पडदा मोठा, पूर्ण कुटुंबाला एकत्र पाहता येतो, आणि तरीही २०२४ साली नेटफ्लिक्सने विंडोजच्या ॲपमधून डाउनलोडच काढून टाकलं. फोनमधला चित्रपट मुक्कामाच्या खोलीतल्या टीव्हीवर 'कास्ट' करावा म्हटलं, तर बहुधा टीव्हीच तो इंटरनेटवरून नव्याने मागवू पाहतो. डाउनलोडचा उपयोग शून्य. उलट दिशेचं उदाहरणही आहे. नेटफ्लिक्सचा जाहिरातींसह स्वस्त प्लॅन २०२२ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा त्यात डाउनलोड नव्हतं, नंतर दिलं गेलं. तुम्ही मनावर घेतलं की होतं, याचा हा पुरावा.

आता डिस्कवाल्यांकडे वळतो, कारण निर्मात्यांनो, हा भाग खास तुमच्यासाठी आहे. माझ्यासारख्या अनेकांच्या कपाटात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी आणि ब्लू-रे आहेत. आताच्या लॅपटॉपला डिस्कची फटच नसते, टॅब्लेटला तर नव्हतीच. तेव्हा स्वतःच्या डिस्कची एक प्रत स्वतःच्या टॅब्लेटवर घेऊन सुट्टीला जावं, याइतकी निरुपद्रवी गोष्ट नाही. अनेक देशांत ती बेकायदा आहे. प्रत करण्यापेक्षा डिस्कवरचं कुलूप तोडणं हा गुन्हा ठरतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने तशी बंदी आली. दर तीन वर्षांनी तिथे या बंदीतून सवलती मागता येतात; विकत घेतलेल्या डीव्हीडीतला चित्रपट स्वतःच्या उपकरणावर घेण्याची सवलत २०१२ साली मागितली गेली आणि नाकारली गेली. ब्रिटनने १ ऑक्टोबर २०१४ पासून खासगी वापरासाठी प्रत करायला परवानगी दिली. संगीतक्षेत्रातल्या संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै २०१५ मध्ये ती परवानगी रद्द झाली.

कायदा बदलायला वर्षं लागतात, पण तुम्हाला कायदा बदलण्याची गरजच नाही. हक्क तुमचे आहेत, परवानगी तुम्ही देऊ शकता. डिस्कबरोबर डिजिटल प्रतीचा कोड देण्याची कल्पना तुम्हीच काढली होती. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिजिटल प्रतींसाठी अल्ट्राव्हायोलेट नावाची सामायिक ऑनलाइन तिजोरी २०११ मध्ये उघडलीत आणि ३१ जुलै २०१९ ला तिला टाळं लावलंत. तिजोरी नको, साधी फाइल द्या. त्यात ग्राहकाच्या नावाची अदृश्य खूण घाला हवी तर. फाइल बाजारात फिरताना दिसली तर कुणाची ते कळेल. इमानदार माणसाला त्या खुणेची भीती नाही.

'विकत घ्या' या बटणाचीही हीच गत. डिजिटल दुकानात पूर्ण किंमत मोजून घेतलेला चित्रपट प्रत्यक्षात परवानाच असतो, आणि दुकानाचा निर्मात्याशी करार संपला तर तो पुन्हा डाउनलोड करता येईलच असं नाही. सोनीच्या प्लेस्टेशन या गेमयंत्राच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले स्टुडिओकॅनाल या चित्रपटकंपनीचे चित्रपट २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांच्या संग्रहातून जाणार, असं सोनीने कळवलं होतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला, की आपण विकतो तो परवाना आहे हे दुकानदाराने ग्राहकाला स्पष्ट सांगावं. सुट्टीला निघणाऱ्याने यातून एवढंच घ्यावं : विकत घेतलेला चित्रपट यादीत दिसतो म्हणून सोबत आहे असं धरू नये, तो उपकरणात उतरवून घ्यावा. तुम्ही यातून काय घ्यावं, हे सांगायला हवं का?

पायरसीची भीती तुम्ही पुढे कराल. ती खोटी नाही. चोरलेल्या प्रतीतून पटकथालेखकाला, छायालेखकाला, संकलकाला एक पैसा मिळत नाही, आणि मी तरी त्या वाटेने जाणार नाही. पण या ४८ तासांनी कोणता चोर अडवला, हे एकदा मोकळेपणाने तपासा. चोरलेल्या फाइलमध्ये घड्याळ नसतं. ती सीमेवर थांबत नाही, टीव्हीवर चालते, पावसाळी तिसऱ्या दिवशीही चालते. घड्याळ आहे ते फक्त पैसे भरणाऱ्याच्या प्रतीत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

एक महिन्याची वर्गणी भरून कुणी पन्नास चित्रपट साठवून ठेवेल आणि मग वर्गणी बंद करेल, ही दुसरी भीती. त्यावर उपाय तुमच्याकडे आधीच आहेत. डाउनलोडची संख्या तुम्ही मर्यादित ठेवता, उपकरणांची ठेवता, ३० दिवसांची बाहेरची मुदत आहेच. मी ती काढा म्हणत नाही. त्या ३० दिवसांच्या आत दुसरं घड्याळ नको, एवढंच म्हणतो.

धंद्याचा इतिहासही तुमच्या भीतीच्या बाजूने फारसा उभा राहत नाही. घरच्या यंत्रावर टीव्हीचा कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून नंतर पाहणं बेकायदा ठरावं म्हणून मोठे स्टुडिओ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८४ मध्ये ते पाच विरुद्ध चार मतांनी हरले. आणि पुढे त्याच यंत्रात घालायच्या कॅसेटी विकून त्यांनी बक्कळ कमाई केली. संगीतवाल्यांनी तर आपण होऊन कुलूप काढलं : ॲपलने २००९ च्या जानेवारीत जाहीर केलं, की आयट्यून्सवरची सगळी गाणी यापुढे कुलपाविना मिळतील. गाणी विकायची थांबली नाहीत.

तोवर आम्ही काय करतो तेही ऐका, कारण तुमचा ग्राहक तुमच्याच दारात ताटकळत बसलेला नाही. जुने चित्रपट आहेत. हक्कांची मुदत संपलेले चित्रपट इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहातून सरळ फाइल म्हणून घेता येतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२५ ला १९२९ सालचे चित्रपट असे मोकळे झाले. (देशागणिक मुदत वेगळी, तेव्हा आपल्या देशात तो मोकळा आहे ना, हे पाहावं लागतं.) 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ चा भयपट तर निव्वळ वेंधळेपणाने मोकळा झाला. वितरकाने ऐनवेळी शीर्षक बदललं आणि नव्या शीर्षकाखाली हक्काची सूचना घालायची राहून गेली. आजही तो फुकट उतरवून घेता येतो, आणि तंबूत पाहायला याहून योग्य चित्रपट मला तरी माहीत नाही. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचे 'बिग बक बनी' आणि 'सिंटेल' हे छोटे ॲनिमेशनपट खुल्या परवान्यावर आहेत. लहान मुलांसाठी पहिला, थोड्या मोठ्यांसाठी दुसरा. काही देशांत सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर हूप्लासारख्या ॲपमधून चित्रपट उसना घेऊन ऑफलाइन पाहता येतो. काही स्वतंत्र दिग्दर्शक आपला चित्रपट स्वतःच कुलपाविना विकतात. माझ्या सुट्टीच्या यादीत हल्ली यांचीच भरती जास्त असते. कारण ते चालतील याची खात्री असते, बाकी काही नाही.

आणि तुमची ॲप वापरताना एक पथ्य आम्ही ग्राहक एकमेकांना सांगतो : घरातून निघण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाकून प्रत्येक डाउनलोड उघडतंय का ते पाहायचं, हव्या त्या भाषेचा आवाज आणि सबटायटल्स उतरलेत ना ते तपासायचं. पण थांबा. ज्या चित्रपटाचं ४८ तासांचं घड्याळ 'प्ले' दाबताच सुरू होतं, त्याची अशी चाचणी घेतली की घड्याळ घरीच सुरू. सामान नीट बांधलंय का हे पाहणाऱ्यालाच दंड. निदान पहिली पाच मिनिटं तरी हिशेबात धरू नका.

करार बदलायला वेळ लागेल. पुढच्या वेळी एकमेकांसमोर बसाल तेव्हा ऑफलाइन प्रतीसाठी दुसरं घड्याळ नको आणि डाउनलोडचा देश कायम, ही दोन कलमं टेबलावर ठेवा. डाउनलोडच्या बटणाशेजारी तारीख दाखवायला मात्र कुठल्याही कराराची गरज नाही. ती तारीख तुमच्या यंत्रणेत आत्ताही आहे. पुढच्या सुट्ट्यांआधी ती तेवढी दिसू द्या.

आपला,
वर्गणी वेळेवर भरणारा एक ग्राहक